माणिक का बुजला

कारभारींची घोडी नेवाशाहून टेम्पोतून आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. दहाच्या आत ती परत टेम्पोत चढली.

लंकाबाईने सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. घोडी फळवायची असली की बाईमाणसाने अंगणात थांबायचं नाही, ही पद्धत तिच्या नवऱ्याच्या वेळेपासूनची. राधाकृष्णला जाऊन दोन वर्षं झाली होती. घोडा आता तिचा होता, पण ती उभी राहायची ती अजून खिडकीतच.

माणिक सहा वर्षांचा काठेवाडी नर. तांबडं अंग, काळी आयाळ, चारही पाय गुडघ्यापर्यंत काळे. शेवगावच्या आसपास दहा-वीस गावांतल्या घोड्या त्याच्याकडे यायच्या आणि लग्नसराईत तो वरातीत चालायचा. मागची दोन वर्षं त्याने एकही घोडी रिकामी परत पाठवली नव्हती.

त्या दिवशी घोडी पुरती माजावर होती. शेपूट बाजूला घेऊन शांत उभी राहिली. माणिकने लांबूनच आवाज दिला, मान कमानीसारखी वळवली, जवळ येऊन तिची कूस हुंगली, वरचा ओठ उलटा दुमडून नाक आभाळाकडे केलं. इथवर सगळं नेहमीसारखं. आणि अंगात जोर चढतोय तेवढ्यात तो थबकला. कुणी हाक मारल्यासारखं त्याने मागे पाहिलं, कान पाडले आणि थरथरत चार पावलं मागे सरून गोठ्याच्या भिंतीला जाऊन टेकला. तीनदा पुढे आणला, तीनदा तसाच मागे गेला. तिसऱ्या वेळी त्याच्या मानेवर घामाचा फेस आला होता.

लंकाबाई चहा घेऊन बाहेर आली. कारभारी, त्यांचा ड्रायव्हर, घोड्याला नाच शिकवणारा रंगनाथ आणि घोड्याची निगा राखणारा जुना मोतद्दार याकोब, चौघे डोकी जवळ घेऊन बोलत होते. ती दिसताच चौघेही गप्प झाले. याकोब तर वळून पाण्याच्या हौदाकडे निघून गेला.

"काय झालं ओ भाऊ?" तिने कारभारींना विचारलं.

"काय न्हाई वैनी. व्हतं असं कधीकधी." ते कपाकडे बघत म्हणाले. "जनावराचं अंग, आज न्हाई तर उद्या."

पण टेम्पो वळवताना ते ड्रायव्हरला काहीतरी बोलले आणि ड्रायव्हर हसला, तेही तिने पाहिलं.

संध्याकाळी रंगनाथ ओट्यापाशी आला. तो तिशीतला, अंगाने सडपातळ, दसऱ्यानंतर कामाला लागलेला. जत्रांमधून नाचरे घोडे तयार करण्यात त्याचं नाव होतं.

"काकू, एक बोलू का? राग न्हाई ना येनार?"

"बोल."

"घोड्याच्या खान्यातनं काहीतरी चाललंय. आपसूक न्हाई असं व्हत. खानं कुनाच्या हातात हाय ते तुमीच बघा."

खाणं याकोबच्या हातात होतं. साठीला टेकलेला हा माणूस बारा वर्षं या वस्तीवर होता. त्याआधी तो पुण्याकडे शर्यतीच्या घोड्यांच्या एका पैदास केंद्रावर होता. आपले घोडे तिथल्यासारखे वाढवायचे म्हणून राधाकृष्णने त्याला श्रीरामपूरहून बोलावून आणलं होतं. राधाकृष्ण असेपर्यंत घोड्याच्या बाबतीत शेवटचा शब्द याकोबचा. रंगनाथ आल्यापासून याकोबकडे फक्त चारा, खरारा आणि शेण उरलं होतं. तो यावर एका शब्दाने बोलला नव्हता. आता लंकाबाईला त्याचं ते न बोलणंच खुपायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून ती नजर ठेवू लागली. भिजवलेले हरभरे ती स्वतः मोजून द्यायची आणि घमेलं गोठ्यात जाईपर्यंत दारात उभी राहायची. याकोब हौदावर गेला की ती त्याच्या खोलीवरून उगाच एक चक्कर मारायची. त्याला ते कळत होतं. तो खाली मान घालून काम करायचा, आणि खाली मान घालतो म्हणजे नक्की काहीतरी असणार, असं तिला वाटायचं.

चौथ्या दिवशी दुपारी याकोब सायकलवरून खालच्या वस्तीकडे गेला आणि तासाभराने परत आला. हँडलला एक पिशवी होती. घराकडे न येता तो थेट गोठ्यात शिरला आणि बाहेर आला तेव्हा पिशवी रिकामी होती. तो जेवायला बसल्यावर लंकाबाई गोठ्यात गेली. गव्हाणीच्या कडेला, कडब्याच्या पेंढीखाली, एक ओलं फडकं कोंबलेलं होतं. त्याला इतका उग्र वास येत होता की तिने पदर नाकाला लावला.

तिने रंगनाथला हाक मारली. त्याने काडीने फडकं उचललं, पाहिलं आणि टाकून दिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं.

"काय आहे रे हे?"

"आता काय सांगू काकू." तो म्हणाला. "असलं गव्हानीत कोन ठिवतं? करनीबिरनी असंल."

तो शब्द ऐकल्यावर लंकाबाईला थांबता आलं नाही. याकोब ताटावर होता तिथेच तिने त्याला गाठलं.

"याकोबभाऊ, गव्हाणीत फडकं तुम्ही ठेवलंत?"

याकोबचा घास हातात राहिला. "व्हय."

"कशाचं आहे?"

त्याने घास परत ताटात ठेवला. त्याचे कान लाल झाले. "वैनी, ते तुमाला सांगन्याजोगं न्हाई."

"माझ्या घोड्याच्या तोंडापाशी तुम्ही काहीतरी ठेवता आणि मला सांगण्याजोगं नाही? करणी करता काय घोड्यावर?"

याकोबने ताटात हात धुतला. तो उठला, खोलीत गेला, पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि फाटकापाशी येऊन थांबला.

"बारा वर्सं हाय मी हितं," तो म्हणाला. "दर रविवारी देवळात गुडघ्यावर बसनारा मानूस मी. करनी म्हनालात तुमी मला."

तो गेला. लंकाबाईला वाटलं होतं की आता सुटल्यासारखं होईल. झालं नाही.

घोडाही सुधारला नाही. उलट बिघडला. गोठ्यात कुणी शिरलं की तो कोपऱ्यात सरकायचा, दात दाखवायचा. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी त्याने रंगनाथचा दंड दातांत धरला आणि सोडला तेव्हा शर्टाची बाही रक्ताने भरली होती. जखमेवर पट्टी बांधून रंगनाथ ओट्यावर बसला आणि म्हणाला, "काकू, आता माझं ऐका. खच्ची करून टाका. पैदाशीचं तर गेलंच हाय. खच्ची केला की गरीब व्हईल, वरातीला मी त्याला सोन्यासारखा नाचवीन."

लंकाबाईने मान हलवली, पण आत कुठेतरी खटकलं. याकोब जाऊन तीन आठवडे झाले होते. खाण्यात काही असतं, तर घोड्याला एव्हाना उतार पडायला हवा होता. आणि घोडा खच्ची झाला तर फायदा कुणाचा? वरातीचा घोडा म्हणजे रंगनाथचा घोडा. याकोबवर बोट कुणी दाखवलं होतं, हेही तिला आता आठवलं. त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. जो माणूस समोर येईल त्याच्या चेहऱ्यात ती काहीतरी शोधत होती, मुलीच्या, सृष्टीच्यासुद्धा.

"आई, तू माझ्याकडे अशी का बघतेस?" सृष्टीने एकदा विचारलंच.

खच्चीकरणासाठी शेवगावहून डॉक्टर आली. पंकजा नाव, पस्तिशीची, पायात गमबूट, केस वर बांधलेले. बाई आलेली पाहून रंगनाथने तोंड वाकडं केलं. लंकाबाईलाही वाटलं की हिला यातलं काय कळणार. पंकजाने औषधांची पेटी उघडली नाही. तिने माणिकचे दात, डोळे, पाय, पोटाखालचं अंग, सगळं पाहिलं. पोटाखाली पाहताना ती जास्त वेळ थांबली.

"किती घोड्या फळवल्यात याने?"

लंकाबाईने आकडा सांगितला.

"आणि मागच्या महिन्याभरात एकदम बंद?"

"हो."

"मग कापायची घाई नको. मला आज इथे बसू द्या. लपून. गोठ्यात कुणी जायचं नाही. तुम्हीही या, काकू, माझ्याबरोबर."

गोठ्यासमोर कडब्याची गंजी होती. दोघी तिच्या आडोशाला पोत्यावर बसल्या. रंगनाथला पंकजाने सांगितलं की तुमची रोजची कामं करा. एक तास काही झालं नाही. माणिक कडबा खात होता, शेपटीने माश्या हाकत होता. मग तो खायचा थांबला, मागचा एक पाय सैल सोडून उभा राहिला, डोळे अर्धवट मिटले. हळूहळू त्याने इंद्रिय बाहेर सोडलं आणि ते पोटाशी नेऊ लागला.

लंकाबाईने मान फिरवली. "हे बघायला बसलोय आपण?"

"हेच बघायला." पंकजा हळू आवाजात, पण अगदी सरळ बोलत होती. जणू खुराबद्दल किंवा कानाबद्दल सांगत होती. "प्रत्येक नर हे करतो, काकू. दिवसातून दहा-बारा वेळा, रोज. जवळ घोडी असो नसो. खच्ची केलेलेही करतात. रानात मोकळे असलेलेही करतात. पोटावर दोन-चारदा आपटतो, आत घेतो, पुन्हा खायला लागतो. यात ताकद जात नाही, रोग नाही, खोड तर नाहीच."

तेवढ्यात गोठ्याच्या पलीकडून कुणीतरी खाकरलं आणि सिमेंटवर छडी टेकल्याचा टक असा आवाज आला. रंगनाथ हौदाकडे चालला होता, गोठ्याकडे बघतही नव्हता. पण माणिकचं सगळं अंग आखडलं. इंद्रिय झटक्यात आत गेलं. तो भिंतीला जाऊन भिडला, कान मागे पाडले आणि मान खाली घालून थरथरू लागला. कारभारींच्या घोडीसमोर थरथरला होता, अगदी तसाच.

पंकजा उठली. "रंगनाथ, इकडे या. ती छडी घेऊन या."

रंगनाथ आला.

"घोडा असं करतो तेव्हा छडी कुठे मारता?"

रंगनाथने लंकाबाईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पोटाखाली. लई जोरात न्हाई. समद्या जत्रंत तसंच करत्यात, मॅडम. वरातीत बायापोरींसमोर सोडून उभा राह्यला तर मालकाचं नाक जातं. दोन-चार छड्या खाल्ल्या की घोडा शिकतो."

"शिकला की. चांगलाच शिकला. अंगात जोर आला की मार बसतो, हे शिकला. मार गोठ्यातला की घोडीजवळचा, हे त्याला कसं कळणार? त्याला दोन्ही एकच. आणि पोटाखाली जखम भरल्याच्या खुणा आहेत, लई जोरात नाही म्हणता तुम्ही."

लंकाबाईच्या अंगात संताप उसळला. "म्हणजे तू केलंस हे! माझा घोडा नासवलास आणि त्या गरीब माणसावर आळ घालायला लावलास मला!"

रंगनाथचा आवाजही चढला. "मी काय मनानं केलं का? तुमीच सांगितलं हुतं, काकू. सृष्टीताईला बघाया कोपरगावचे पाव्हणे आल्ते तवा. आठवा की."

तिला आठवलं. दिवाळी झाल्यावर पाहुणे ओट्यावर बसले होते, पोहे पुढे आले होते आणि अंगणात बांधलेला माणिक सगळ्यांसमोर असाच उभा राहिला. मुलाच्या आईने रुमाल तोंडाला लावला. मुलगा खिडकीकडे बघत बसला. पाहुणे गेल्यावर लंकाबाईने दाणदिशी पाट आपटला होता आणि रंगनाथला म्हणाली होती, "हे पुन्हा माझ्या दारात दिसता कामा नये. मार, झोड, काहीही कर, पण हे बंद कर." दुसऱ्या दिवशी माणिकला अंगणातून मागच्या गोठ्यात हलवलं, आणि तिच्या लेखी तो विषय तिथेच संपला होता.

ती पोत्यावर खाली बसली.

"आणि फडकं?" तिने विचारलं. "गव्हाणीत ओलं फडकं होतं. उग्र वासाचं. ते कशाला ठेवतात?"

"माजावरच्या घोडीच्या मुताचं असेल," पंकजा म्हणाली. "नराला तो वास दिला की त्याचं मन त्या बाजूला वळतं. जुनी जाणती माणसं करतात. कुणी ठेवलं होतं?"

लंकाबाईने रंगनाथकडे पाहिलं. रंगनाथने मान दुसरीकडे वळवली.

"तुला माहीत होतं," ती त्याला म्हणाली.

"वासावरनं कळलं हुतं," तो पुटपुटला. "पर तुमच्यासमोर कसं बोलायचं तसलं?"

आणि तेच खरं होतं. ती आली की पुरुष गप्प व्हायचे ते कट करत होते म्हणून नव्हे. लाजत होते. तिला मात्र त्या गप्प बसण्यात महिनाभर नुसतं काळंबेरं दिसत राहिलं.

माणिकला खच्ची केलं नाही. रंगनाथने छडी टाकली, पण त्याचं मनही उठलं होतं. महिना भरला तसा तो राहुरीकडच्या एका माणसाच्या घोड्यांवर निघून गेला. जाताना लंकाबाईच्या पाया पडला. तिने त्याला आशीर्वाद दिला, तरी तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ती त्याच्या पिशवीकडे बघत राहिली. संशयाची सवय लगेच सुटत नाही.

त्याच आठवड्यात ती एसटीने श्रीरामपूरला गेली. याकोब मुलीकडे, स्टेलाकडे राहत होता. स्टेला शाळेत शिक्षिका. तिने दार उघडलं, लंकाबाईला ओळखलं आणि आत या असं न म्हणता वडिलांना हाक मारली. याकोब बनियनवर शर्ट घालत बाहेर आला.

वाटेत लंकाबाईने पुष्कळ वाक्यं जुळवली होती. आता एकही आठवेना.

"याकोबभाऊ," ती म्हणाली, "माणिकला त्या... अंगात जोर आला की रंगनाथ छडी मारायचा. माझ्या सांगण्यावरून. मी लाजले म्हणून सांगितलं. आणि तुम्ही घोडीचं फडकं आणून ठेवलं होतं, तेही कळलं. मी नको ते बोलले."

एवढं स्पष्ट बोलताना तिचा चेहरा तापला होता. याकोबने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. स्टेला दारातून हलली नाही.

"यांना काहीच वाटलं नाही का बोलताना, बाबा?" स्टेला म्हणाली. "करणी म्हणे."

"स्टेला, चहा टाक," याकोब म्हणाला. मग लंकाबाईला म्हणाला, "मला छडीचा संशय हुता. कारभारीभाऊंना बी मी तेच सांगत हुतो त्या दिवशी. पर माझा शब्द चालत न्हवता तिथं, आन् तुमाला सांगावं तर कसं सांगावं? मला वाटलं, वासानं घोडा सुधारला तर बोलायची पाळीच यायची न्हाई."

"आता येता का?"

"रविवार हुं द्या. मग बघू."

रविवारी तो आला नाही. सोमवारीही नाही. लंकाबाई दिवसातून दहादा फाटकाकडे बघायची आणि आता आपल्यावर कुणी विश्वास का ठेवावा, असं तिच्या मनात यायचं. बुधवारी दुपारी सायकल आली. कॅरिअरला पेटी होती.

याकोबने पहिलं काम केलं ते घोड्याच्या तोंडावर चढवायच्या दोन मोहरक्या वेगळ्या करण्याचं. पूर्वी तो घोडीजवळ नेताना लाल सुताची मोहरकी घालायचा आणि वरातीला नेताना चामड्याची. रंगनाथने दोन्ही कामांना चामड्याचीच ठेवली होती.

"घोडं येडं नसतं," तो म्हणाला. या वेळी तो लंकाबाईशीच बोलत होता, खाली न बघता. "लाल घातली की त्याला कळतं, आता घोडी हाय. चामड्याची घातली की कळतं, आता लोकांत जायचं, गप ऱ्हायचं. चामडं घातल्यावर घोडीकडं वळला तर मी लगाम आखडतो, चालतं करतो, ध्यान दुसरीकडं नेतो. मारत न्हाई. आन् गोठ्यात मोकळा असला की तो त्याचा राजा. तिथं काय करायचं ते करू द्या."

पंकजा महिन्यातून एकदा यायची. तिच्या सांगण्यावरून माणिकला पुन्हा अंगणातल्या लिंबाखाली बांधायला सुरुवात केली. दोन महिने त्याच्यासमोर एकही घोडी आणली नाही. फक्त कुंपणापलीकडे खालच्या वस्तीवरची एक म्हातारी घोडी चरायला सोडायचे. सुरुवातीला तो तिच्याकडे बघायचा आणि मागे सरायचा. मग बघत राहायला लागला. वैशाखात एके सकाळी तो ओट्यासमोर पूर्वीसारखा पाय सैल सोडून उभा राहिला. लंकाबाई तांदूळ निवडत होती. तिने सूप मांडीवरून हलवलं नाही. सृष्टी आत पळाली.

मे महिन्याच्या शेवटी कारभारी घोडी घेऊन आले. या वेळी लंकाबाई अंगणात उभी राहिली. कारभारींना काय करावं कळेना. ते याकोबकडे बघायला लागले.

"बोला भाऊ," ती म्हणाली, "माझाच घोडा आहे."

याकोबने लाल मोहरकी घातली. माणिकने आवाज दिला, पुढे आला, घोडीला हुंगलं, ओठ दुमडून मान वर केली. जोर चढला तसा तो थबकला आणि मागे पाहिलं. याकोब तिथेच उभा होता, हात मोकळे ठेवून, तोंडाने नुसता हळू आवाज करत. लंकाबाईला आपला श्वास ऐकू येत होता. माणिक पाऊल मागे सरला. परत पुढे आला. परत मागे. कारभारी काही बोलणार होते, तिने हातानेच त्यांना थांबवलं. चौथ्या वेळी तो घोडीवर चढला.

तो पुरता पहिल्यासारखा कधी झाला नाही. हातात लांबट काही घेऊन कुणी अंगणात आलं की तो अजूनही कान पाडतो, आणि वरातीचं काम याकोबने त्या वर्षी घेतलंच नाही. पण त्या उन्हाळ्यात आणखी दोन घोड्या आल्या, त्या रिकाम्या गेल्या नाहीत.

ऑगस्टमध्ये कारभारींचा फोन आला. डॉक्टरने तपासलं, घोडी गाभण आहे. लंकाबाई धावतच खोलीकडे गेली. याकोब जेवत होता.

"गाभण आहे!"

याकोबने शेंगदाण्याच्या चटणीत भाकरी बुडवली. "आजून आट-नऊ म्हैने हायत वैनी," तो म्हणाला. "भाकरी एक जादा असंल तर वाढा."